मेलबॉक्स भरलाय? उडवण्याआधी मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, 130 मेलबॉक्स, सगळे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, प्रत्येकी 50 जीबी. सात जणांचे काठोकाठ भरलेत, त्यातले एक खुद्द एमडी साहेब. सोमवारी सकाळी त्यांचा मेल जाईना म्हणून फोन आला. आता मीटिंगमध्ये तीन पर्याय निघालेत: सगळ्यांना मोठा प्लॅन घ्यायचा, जुने मेल पीएसटी फाइलमध्ये (आउटलुकची मेल साठवायची वेगळी फाइल) काढून हार्ड डिस्कवर ठेवायचे, किंवा "दोन वर्षांपूर्वीचं सगळं उडवा" असं फर्मान काढायचं. आयटीला तुम्ही एकटेच. यातलं काय करावं?

तिन्ही नकोत. निदान पहिला महिनाभर तरी नकोत. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांचे मेल सर्व्हर सांभाळण्यात माझी वीसेक वर्षं गेली, आणि भरलेला मेलबॉक्स ही नुसती जागेची तक्रार फार क्वचित निघाली. लोकांनी मेलचं दप्तर केलेलं असतं. पीओ (खरेदीची ऑर्डर) तिथेच, ड्रॉइंगची मंजुरी तिथेच, पार्टीने "हो" म्हटल्याचा पुरावाही तिथेच. दप्तर भरलं म्हणून कोणी कागद पेटवत नाही आणि प्रत्येक टेबलाशेजारी नवं कपाटही आणून ठेवत नाही. कुठला कागद कुठे राहील ते ठरवावं लागतं. तुमचं खरं काम हेच. पण आधी साहेबांचा मेल सुरू करून द्या, नाहीतर बाकीचं ऐकायला कोणी थांबणार नाही.

50 जीबीच्या मेलबॉक्सला तीन उंबरठे असतात. 49 ला इशारा, 49.5 ला मेल जाणं बंद, 50 ला येणंही बंद. साहेब दुसऱ्यावर अडकलेत, म्हणजे बाहेरचे मेल त्यांना अजून मिळतायत. तिसरा उंबरठा वाईट, कारण तिथे पार्टीचा मेल पार्टीलाच परत जातो आणि आपली अब्रू बाजारात जाते. तेव्हा आजच दोन-तीन जीबी मोकळे करा. त्यासाठी इनबॉक्सला हात लावू नका. सेंट आयटम्स उघडा, आकाराप्रमाणे मांडा आणि वरून खाली या. तिथली प्रत्येक मोठी फाइल कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर किंवा सर्व्हरवर मुळात होतीच, साहेबांनी ती फक्त पुढे धाडली. आउटलुकमध्ये मेल ठेवून नुसती अटॅचमेंट काढता येते. मजकूर, तारीख, कोणाला पाठवला ते सगळं जागच्या जागी राहतं. साहेबांच्या पीएना शेजारी बसवा आणि प्रत्येक मोठ्या फाइलला "हिची मूळ प्रत कुठे आहे?" एवढंच विचारा. 15-15 एमबीचे दीडशे मेल हलके झाले की सव्वादोन जीबी सुटतात. तासाभराचं काम आहे.

हे करण्याआधी एक फुकटची गोष्ट उरकून घ्या. उडवलेला मेल डिलीटेड आयटम्समधूनही गेला की सर्व्हर तो लगेच नष्ट करत नाही. एका आतल्या फोल्डरमध्ये धरून ठेवतो आणि तिथून तो परत आणता येतो. ही मुदत मुळात 14 दिवसांची असते, ती 30 पर्यंत वाढवता येते. सर्वच्या सर्व 130 मेलबॉक्सना 30 करा. या आतल्या फोल्डरची जागा वेगळी मोजली जाते, ती 50 जीबीतून वजा होत नाही, त्यामुळे साफसफाईत अडचण येत नाही. एक कमांड आहे, पैसा लागत नाही, आणि कधीतरी तुमची नोकरी वाचवेल. माझी वाचवलीय.

तुम्ही म्हणाल, डिलीटेड आयटम्सच आधी रिकामं करून टाकू, कचराच तर आहे. मीही असंच म्हणालो होतो. एका कारखान्यात, सर्व्हर आवारातच होता त्या काळात, मी नियम लावला की डिलीटेड आयटम्समधलं 30 दिवसांपेक्षा जुनं आपोआप जाईल. नोटीस काढली होती. इंग्रजीत, चार ओळींची, कोणी वाचली नाही. बाराव्या दिवशी स्टोअर्सचे एक काका येऊन उभे राहिले. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला शिस्तीचा माणूस, टेबलावर एक कागद इकडचा तिकडे नाही. म्हणाले, "माझ्या फायली दिसत नाहीत." जाऊन बघतो तर इनबॉक्स लख्ख रिकामा, आणि डिलीटेड आयटम्सच्या पोटात पार्टीच्या नावाने एकतीस फोल्डर, ओळीने. सगळे ओस पडलेले. मी म्हटलं, "काका, हे डिलीटेड आहे हो!" तर शांतपणे म्हणाले, "हो, म्हणजे हातावेगळं केलेलं."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मेल वाचायचा, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करायचा, डिलीटचं बटण दाबायचं, मेल समोरून हलतो आणि "तिकडे" जाऊन बसतो. इतकी सोपी फायलिंगची सोय आउटलुकमध्ये दुसरी कुठली आहे? 14 दिवसांतले दोन उरले होते म्हणून मेल परत मिळाले, पण फोल्डर नाही मिळाले. सहा हजारांवर मेलचा एकच ढीग समोर आला आणि काकांनी तो पंधरा दिवस बसून पुन्हा लावला. तेवढे दिवस त्यांनी मला चहाला हाक मारली नाही.

तेव्हापासून मी नियम लावण्याआधी मोजतो. तुम्हीही मोजा. ॲडमिन सेंटरमध्ये मेलबॉक्स वापराचा रिपोर्ट तयार मिळतो: कोणाचं किती जीबी, किती मेल, कोण कुठल्या उंबरठ्यावर. पहिल्यांदा उघडलात तर माणसांच्या नावांऐवजी अगम्य अक्षरं दिसतील. घाबरू नका, मायक्रोसॉफ्टने नावं मुद्दाम झाकलेली असतात, संस्थेच्या सेटिंगमध्ये रिपोर्टखाली जाऊन ती उघडता येतात. पण या रिपोर्टमध्ये माणसागणिक एकच आकडा मिळतो, आणि तेवढ्याने काही कळत नाही. पॉवरशेलमधून (कमांड लिहून माहिती काढायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) प्रत्येकाच्या प्रत्येक फोल्डरचा आकार आणि मेलची संख्या काढा, एक्सेलमध्ये घ्या आणि दोन कॉलम शेजारी ठेवून बघा. ज्या फोल्डरमध्ये मेल थोडे पण जीबी जास्त, तिथे अटॅचमेंटचा आजार आहे. मेल लाखभर आणि जीबी जेमतेम दोन, तिथे यंत्रांनी पाठवलेल्या मेलचा. दोन्हींचं औषध वेगळं. आणि कोणाच्या डिलीटेड आयटम्सच्या पोटात फोल्डर दिसले, तर त्या माणसाला आधी भेटा.

आता अटॅचमेंट येतात कुठून, यावर जरा रेंगाळतो, कारण नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही.

पहिला संशयित तुमच्या ऑफिसच्या कोपऱ्यात उभा आहे: स्कॅनर. झेरॉक्सवाला मशीन बसवून गेला त्या दिवशी जी सेटिंग होती तीच आजही असेल, आणि कितीतरी ठिकाणी मला ती 600 डीपीआय (म्हणजे इंचाला 600 ठिपके) रंगीत अशीच मिळालीय. हिशेब करून बघा. 600 डीपीआयला ए-फोर पानाचे साधारण 3.48 कोटी ठिपके होतात. रंगीत असेल तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे दाबून लहान करण्याआधी एका पानाचा ऐवज 100 एमबीच्या घरात. तेच पान 200 डीपीआयला काळंपांढरं घेतलं तर जेमतेम अर्धा एमबी. दोनशे पटींचा फरक! मशीन नंतर दाबून दोन्ही लहान करतं हे खरं, पण फरक राहतोच. डिलिव्हरी चलन, गेटपास, टेस्ट सर्टिफिकेट यांना रंग कशाला हवा? शिक्का निळा आहे हे कोणाला सिद्ध करायचंय? काळंपांढरं 200 ही मूळ सेटिंग ठेवा आणि ड्रॉइंगसाठी वेगळं बटण करून द्या. शिवाय स्कॅन थेट मेलवर न पाठवता सर्व्हरवरच्या विभागाच्या फोल्डरमध्ये टाकायची सोय बहुतेक मशीनमध्ये असते, ती सुरू करा. स्कॅन स्वतःच्या मेलवर, तिथून साहेबांच्या मेलवर, साहेबांकडून अकाउंट्सला: एका चलनाच्या पाच-सहा प्रती इथेच तयार होतात.

दुसरा संशयित दिवाळी. एचआरकडून "सर्वांना" या यादीवर पणतीचं 4 एमबीचं चित्र निघतं. 130 जणांना, म्हणजे 520 एमबी. त्यावर चाळीस जण "रिप्लाय ऑल" करून "आपणांसही" म्हणतात, आणि चित्र मजकुरात चिकटवलेलं असेल तर प्रत्येक उत्तरासोबत पुन्हा सगळीकडे फिरतं. पूर्वी एक्स्चेंज, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर, अशा मेलची एकच प्रत ठेवून सगळ्यांना तिच्याकडे बोट दाखवायचा. एक्स्चेंज 2010 पासून ती सोय गेली, आता ज्याची प्रत त्याच्याकडे. बऱ्याच जुन्या साहेबलोकांच्या डोक्यात अजून जुनंच गणित आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. "सर्वांना" या यादीवर कोणी लिहायचं ते ठरवून टाका आणि तिथे अटॅचमेंटला छोटी मर्यादा घाला. शुभेच्छा कमी पडत नाहीत.

सहीतला लोगो हा त्याच जातीचा. रिप्लाय केला की अटॅचमेंट गळून पडते, पण सहीतलं चित्र गळत नाही, ते मजकुराचा भाग असतं. मार्केटिंगने दिलेला 300 केबीचा लोगो, वर "आम्हाला आयएसओ मिळालं" ची पट्टी, आणि पंधरा उत्तरांची साखळी. लोगो 10-15 केबीचा करून सगळ्यांना एकच सही द्या.

क्वालिटीच्या लोकांची कथा वेगळी. रिजेक्शन झालं की मोबाइलवर दहा फोटो काढायचे, प्रत्येक 4-5 एमबी, आणि सगळे एका मेलवर सप्लायरला. या बिचाऱ्यांना फोटो काढणं भागच आहे. आउटलुकमध्ये चित्रं जोडली की फाइल मेनूत "मोठी चित्रं पाठवताना लहान करा" असा पर्याय दिसतो, तो दाखवून द्या. माझ्या बघण्यात दहातल्या एकालाही तो माहीत नसतो. मेल परत येण्याची त्यांची तक्रारही याने कमी होते. मेल बाहेर जाताना फाइल अक्षरांत बदलली जाते, दर तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणजे आकार एक तृतीयांशाने फुगतो. म्हणून समोरच्याची मर्यादा 25 एमबी असताना 20 एमबीची फाइलही आपटते, आणि मग माणूस तोच मेल तीन तुकड्यांत पुन्हा पाठवतो. सेंट आयटम्समध्ये मग सगळंच दोनदा.

यंत्रांच्या मेलवर फार बोलत नाही. हजेरीचं मशीन, सीसीटीव्हीचे अलर्ट, बॅकअप झाल्याची सूचना, ईआरपीचे (कारखान्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर) रोजचे रिपोर्ट. यांच्यासाठी एक फोल्डर, त्यावर 30 दिवसांनी उडवण्याचा टॅग, संपलं. इथे मात्र बिनदिक्कत उडवा.

"फाइल पाठवू नका, लिंक पाठवा" असा उपाय कोणीतरी तुम्हाला सुचवेलच. चांगला आहे, पण त्यात एक खड्डा आहे. लिंक बहुधा माणसाच्या स्वतःच्या वनड्राइव्हची (क्लाउडवरची ज्याची त्याची फायली ठेवायची जागा) जाते. तो माणूस नोकरी सोडतो, तुम्ही खातं काढता, आणि मुदत वाढवलेली नसेल तर त्याचं वनड्राइव्ह 30 दिवसांनी जातं. मेलमधली लिंक राहते, फाइल नाही. दोन वर्षांनी ऑडिटर ती लिंक दाबून बघतो तेव्हा तुम्ही काय दाखवणार? म्हणून लिंक द्यायची तर विभागाच्या शेअरपॉइंटवरची, म्हणजे क्लाउडवरच्या सामाईक जागेतली. खरेदीची फाइल खरेदी विभागाच्या जागेत असली पाहिजे, खरेदीतल्या एखाद्या माणसाच्या नाही.

आता नव्या प्लॅनचं. सगळ्यांना मोठा प्लॅन घेण्याआधी हातातल्या प्लॅनमध्ये काय आहे ते बघितलंत का? 50 जीबीच्या साध्या प्लॅनसोबतही ऑनलाइन आर्काइव्ह मिळतं. मुख्य मेलबॉक्सला चिकटलेला दुसरा मेलबॉक्स, त्याचीही स्वतंत्र 50 जीबी. तो मुळात बंद असतो, माणसागणिक सुरू करावा लागतो, आणि पैसे भरूनही तो वर्षानुवर्षं कोणी सुरू केलेला नसतो. तुमच्या सातपैकी बहुतेकांचा प्रश्न इथेच सुटेल.

फक्त सुरू करण्याआधी हे नीट वाचा. आर्काइव्ह चालू केलं की मायक्रोसॉफ्टचं मुळातलं धोरण लागू होतं: दोन वर्षांपेक्षा जुना मेल आपोआप आर्काइव्हमध्ये. हे काम पाठीमागे चालणारा एक सेवक करतो, त्याची फेरी आठवड्यातून एकदा तरी होते. म्हणजे तुम्ही सोमवारी बटण दाबणार, काहीच होणार नाही, तुम्ही विसरणार, आणि शनिवारी साहेब फोन करणार की 2019 चा सगळा पत्रव्यवहार गायब आहे! गायब नसतो, खालच्या आर्काइव्हमध्ये त्याच नावांच्या फोल्डरमध्ये व्यवस्थित असतो. पण ते साहेबांना आधी सांगितलेलं असेल तर वेगळं आणि नंतर समजवावं लागलं तर वेगळं. एकेकाच्या टेबलाशी जा, आर्काइव्ह उघडून दाखवा, त्यातला एक जुना मेल त्यांच्याच हाताने शोधायला लावा. आर्काइव्हची प्रत लॅपटॉपवर राहत नाही, इंटरनेट लागतं, हेही सांगा. सतत फिरतीवर असणाऱ्या सेल्सवाल्यांना दोनऐवजी तीन वर्षांची मुदत लावून द्या.

एवढं करूनही ज्यांचं भागणार नाही असे दोन-तीन जण उरतील. साहेब त्यात असतील, एक्स्पोर्टचा माणूस असेल. त्यांच्यापुरता मोठा प्लॅन घ्या. लायसन्स माणसागणिक वेगळं घेता येतं, 130 घेण्याची गरज नाही. मोठ्या प्लॅनमध्ये 100 जीबीचा मेलबॉक्स आणि आपोआप वाढत जाणारं, दीड टीबीपर्यंतचं आर्काइव्ह मिळतं. ही आपोआप वाढ एकदा चालू केली की परत बंद करता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

इथे एक गल्लत नेहमी होते. "मेलबॉक्स भरलाय" आणि "आउटलुक रांगतंय" या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. आउटलुक मेलबॉक्सची एक प्रत लॅपटॉपवर ठेवतं, ओएसटी फाइल. ती 10 जीबीच्या वर गेली की साधा लॅपटॉप अडखळायला लागतो, 25 च्या वर तर चहा घेऊन यावं. म्हणून 100 जीबीचा प्लॅन घेऊन साहेबांचा लॅपटॉप वेगवान होणार नाही, उलटच होईल. खात्याच्या सेटिंगमध्ये "किती काळाचे मेल ऑफलाइन ठेवायचे" अशी एक पट्टी असते, ती "सर्व" वरून "1 वर्ष" वर आणा. जुने मेल सर्व्हरवर राहतात, शोधले की सापडतात. आणि कोणाच्या इनबॉक्समध्ये एकाच फोल्डरात लाखाच्या वर मेल असतील तर ते वर्षवार फोल्डरांत फोडा. जागा वाचणार नाही, पण जीव हलका होईल.

पीएसटीबद्दल मात्र माझं मत कडक आहे. नव्याने एकही करू नका. कागदोपत्री पीएसटीची मर्यादा आता 50 जीबी आहे. 2003 च्या आधीच्या आउटलुकमध्ये 2 होती, आणि त्या 2 जीबीच्या भिंतीवर आपटून मेलेल्या फायली मी रात्र रात्र बसून दुरुस्त केल्यात. स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचं साधन लावायचं, आठ पायऱ्यांचा तो निळा पट्टा बघत बसायचं, आणि सकाळी "लॉस्ट अँड फाउंड" नावाच्या फोल्डरमध्ये विषय नसलेले मेल मोजायचे. मर्यादा वाढली, स्वभाव तोच राहिला. पीएसटी ही एकाच डिस्कवर पडलेली एकच फाइल. तिचा बॅकअप कोणी घेत नाही, कारण आउटलुक उघडं असताना ती अडकलेली असते. सर्व्हरच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवून नेटवर्कवरून उघडणं मायक्रोसॉफ्टला मान्यच नाही, बिघडली तर ते हात वर करतात. तिचा पासवर्ड म्हणजे दाराची नुसती कडी, कुलूप नव्हे. आणि मेल उडवले तरी फाइल लहान होत नाही, मुद्दाम कॉम्पॅक्ट करावी लागते. सगळ्यात वाईट म्हणजे, वादाच्या वेळी एखादा मेल शोधायचा तर तुम्हाला 130 कॉम्प्युटर आणि कपाटातल्या अज्ञात हार्ड डिस्क धुंडाळाव्या लागतात.

जुन्या पीएसटी तुमच्याकडे असतीलच. आउटलुकचं ऑटोआर्काइव्ह कधीकाळी कोणी "हो" म्हटलं म्हणून सी ड्राइव्हवर गुपचूप तयार झालेल्या तर माणसाला माहीतही नसतात, आणि विंडोज नव्याने टाकताना त्या पुसल्या जातात. त्या शोधा, यादी करा, आणि ज्यांच्या आर्काइव्हमध्ये जागा आहे त्यांच्या तिथे चढवा. मायक्रोसॉफ्टची पीएसटी चढवण्याची सोय आहे, नेटवर्कवरून चढवली तर वेगळे पैसे नाहीत. 20 जीबीपेक्षा मोठी असेल तर आधी फोडून घ्या.

आता ते फर्मान. "दोन वर्षांपूर्वीचं सगळं उडवा" हे आयटीने ठरवायचं नाही आणि साहेबांनीही एकट्याने नाही. तुमच्या सीएंना बोलवा. कंपनी कायदा 2013 च्या कलम 128 प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि त्यांची व्हाउचरं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. जीएसटीत वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने. मेल म्हणजे व्हाउचर नव्हे असं कोणी म्हणेल, पण तुमच्याकडे दराच्या बदलाची मंजुरी, डेबिट नोटचं कारण, माल नाकारल्याची सूचना मेलशिवाय दुसरीकडे कुठे आहे का? नसेल तर तो मेलच कागद. मेल पुरावा म्हणून कोर्टात दाखल करायचा तर आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं (1 जुलै 2024 पासून, जुन्या पुरावा कायद्यातल्या 65-ब च्या जागी), आणि ते देताना मेल कुठून काढला हे कोणाला तरी सही करून सांगावं लागतं. सर्व्हरवरून काढला म्हणणं सोपं. "जुन्या लॅपटॉपवरच्या पीएसटीतून, जी एकदा दुरुस्त केली होती" असं म्हणून बघा!

म्हणून मुदत विभागवार ठरवा. अकाउंट्स, खरेदी, विक्री आठ वर्षांच्या हिशेबाने. यंत्रांचे मेल 30 दिवस. एचआरकडे उमेदवारांचे बायोडेटा वर्षानुवर्षं साठलेले असतात, ते मात्र लवकर काढायला हवेत, लोकांची खासगी माहिती कारण नसताना बाळगणं बरं नव्हे. आणि ज्या पार्टीशी वाद चालू आहे त्या व्यवहारातल्या माणसांचे मेलबॉक्स या सगळ्यातून बाहेर काढून गोठवा. लिटिगेशन होल्ड म्हणतात त्याला, मोठ्या प्लॅनमध्ये मिळतं, आणि लायसन्सवर पैसे घालायला हे सगळ्यात चांगलं कारण.

सोडून गेलेल्यांचे मेलबॉक्सही मोजा. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं लायसन्स "मेल येत असेल म्हणून" चालू ठेवलेलं तुमच्याकडेही सापडेल. 50 जीबीच्या आतला मेलबॉक्स शेअर्ड (सामाईक) करून ठेवता येतो, त्याला लायसन्स लागत नाही. त्याच्या जागी आलेल्याला तो बघायला द्या. फक्त क्रम चुकवू नका: आधी शेअर्ड करा, मग लायसन्स काढा. उलटं केलंत आणि विसरलात तर 30 दिवसांनी सगळं जातं. वाचलेली लायसन्स मोजलीत तर साहेबांच्या मोठ्या प्लॅनचे पैसे बहुधा इथूनच निघतील.

नोटीस मराठीत काढा, आणि धमकी नको. मी हल्ली साधारण अशी काढतो:

"तुमचे दोन वर्षांपेक्षा जुने मेल 15 तारखेपासून खालच्या 'आर्काइव्ह' मध्ये दिसतील. काहीही उडवलेलं नाही. डिलीटेड आयटम्समध्ये कोणी कामाचे मेल जपून ठेवले असतील तर 15 तारखेच्या आत आयटीला सांगा, आम्ही येऊन दुसरीकडे हलवून देऊ. लाजू नका, असे तुम्ही एकटे नाही."

शेवटच्या वाक्यावर एका एचआर बाईंनी आक्षेप घेतला होता, ऑफिसच्या नोटिशीत शोभत नाही म्हणून. मी ते ठेवलं. पहिल्याच दिवशी अकरा जण आले.

सुरुवात साहेबांपासून करा. एमडींचा मेलबॉक्स नियमाला अपवाद ठरला की त्याच संध्याकाळी प्लँट हेडचा ठरतो, आणि आठवड्यात सगळ्यांचाच. साहेबांना "तुमचे मेल कमी करा" म्हणू नका, फोल्डरवार आकड्यांचं ते एक पान त्यांच्यापुढे ठेवा. माझ्या एका साहेबांनी ते पान बघून पहिला प्रश्न विचारला होता: "हे सीसीटीव्हीचे एवढे मेल मला का येतात?" खरंच का येत होते, ते मलाही माहीत नव्हतं. कोणीतरी चार वर्षांपूर्वी त्यांचा पत्ता कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये घालून ठेवला होता.